ट्रॅकसाठी बदललेलं सस्पेन्शन आणि वॉरंटीचे तीन क्लेम: पार्ल्यातल्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी माझ्या मावसभावाची. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे आणि घरात सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच म्हणतो. ब्रँड, डीलर आणि गॅरेज यांची नावं मुद्दाम देत नाही. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे. मी स्वतः सहा वर्षं एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये वॉरंटीच्या टेबलावर काम केलं आहे. या प्रकरणात मात्र मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो.

गाडी दोन दारांची, ताकद मागच्या चाकांना. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब), मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक दांड्या), चारही शॉकअप इलेक्ट्रॉनिक. ऑन-रोड किंमत पाऊण कोटीच्या आसपास, कंपनीची वॉरंटी तीन वर्षांची. ऑक्टोबरमध्ये गाडी घरी आली. रोजचा वापर विले पार्ले ते अंधेरी एमआयडीसी, रविवारी पहाटे सी लिंक, कधी एक्स्प्रेसवेने लोणावळा.

पुढच्या फेब्रुवारीत दादाने पहिल्यांदा ट्रॅक डे केला, म्हणजे स्वतःची गाडी रेसच्या सर्किटवर पळवली. मोठ्या सर्किटसाठी तेव्हा मुंबईकराला चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावं लागायचं. दादाने गाडी फ्लॅटबेडवर चढवून श्रीपेरुंबुदूरजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटला पाठवली. १९९० मध्ये सुरू झालेलं हे सर्किट सुमारे ३.७ किलोमीटरचं आहे. दादा तिथून परतला तो वेगळाच माणूस होऊन. बेचाळिसाव्या वर्षी माणसाला काहीतरी नवीन मनापासून आवडतं तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघूनच बरं वाटतं, म्हणून पुढे मी जितकं ताणून धरायला हवं होतं तितकं धरलं नाही.

अडचण

ट्रॅकवरून गाडी आली तेव्हा डाव्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा सोलून निघाला होता. आतली बाजू जवळजवळ कोरी होती. दादाच्या म्हणण्याप्रमाणे चौथ्या-पाचव्या फेरीपासून ब्रेकचं पेडल मऊ पडू लागलं आणि लांब वळणात गाडी बाहेरच्या अंगाला लोळायची.

अलाइनमेंट मोजली तर पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे चाक उभ्या रेषेतून आत किंवा बाहेर झुकल्याचा कोन, आतल्या बाजूला (उणे) पुरता एक अंशही नव्हता. रस्त्यासाठी कंपनी असाच ठेवते, कारण टायर सरळ झिजतो. ट्रॅकवर मात्र गाडी झुकली की स्ट्रटबरोबर चाकही बाहेर झुकतं आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. सर्किटवर गाड्या घड्याळाच्या दिशेने धावतात, उजवी वळणं जास्त, त्यामुळे डावं पुढचं चाक सगळ्यात आधी रडतं.

दादाचं निदान होतं: सस्पेन्शन मऊ आहे. ते अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं कॅम्बर, ब्रेक ऑइल आणि पॅड यांत होतं. पण शॉकअप बदलणं डोळ्यांना दिसतं, ब्रेक ऑइल बदललेलं कुणाला दिसत नाही.

आणि वॉरंटीची दोन वर्षं आठ महिने शिल्लक होती.

समोरचे पर्याय

पार्ल्याच्या घरी, मावशीच्या हातची पोह्यांची बशी समोर ठेवून आम्ही दोन तास बसलो. पहिला पर्याय माझा होता. जास्त तापमान सोसणारं डॉट ४ ब्रेक ऑइल, ट्रॅकचे पॅड, आणि पुढच्या स्ट्रटला समायोजनाची जी थोडी जागा असते ती वापरून कॅम्बर जमेल तेवढा वाढवायचा. खर्च काही हजारांत आणि वॉरंटीच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक.

दुसरा पर्याय फक्त स्प्रिंग बदलण्याचा. स्वस्त, म्हणून लोकप्रिय. मी त्याच्या ठाम विरोधात होतो आणि आजही आहे. कंपनीचे शॉकअप कंपनीच्या स्प्रिंगसाठी बेतलेले असतात. वर छोटी, ताठ स्प्रिंग घातली की ती उसळी आवरायला शॉकअप अपुरा पडतो आणि गाडी बम्प स्टॉपवर (शॉकअपच्या हालचालीच्या टोकाला असलेल्या ठोकळ्यावर) आदळत राहते. भरीला स्ट्रटच्या गाडीत एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गाडी फार खाली घेतली की लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारी खालची दांडी, आडवा होऊन उलट्या कोनात जातो. मग वळणात कॅम्बर वाढायचा तो घटतो, आणि गाडीचं रोल सेंटर (वळणात ती ज्या बिंदूभोवती कलते तो) तिच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतं. दोघांतलं अंतर वाढलं की गाडीला लोळवणारा जोरही वाढतो. खाली घेतलेली गाडी स्थिर दिसते, पण भूमितीच्या हिशेबात ती बिघडलेली असू शकते.

तिसरा पर्याय पूर्ण कॉइलओव्हर किट (उंची बदलता येणारा शॉकअप-स्प्रिंगचा संच) आणि वर कॅम्बर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक आत-बाहेर सरकवणारी). बिल्स्टाइन, केडब्ल्यू, ओहलिन्स अशी नावं दादाला तोपर्यंत पाठ झाली होती. यात उंची, ताठपणा आणि कॅम्बर सगळं हातात येतं, पण कंपनीचे इलेक्ट्रॉनिक शॉकअप काढावे लागतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरला शॉकअप जागेवरच असल्याचं भासवणारं मॉड्यूल जोडावं लागतं. चौथा पर्याय, कंपनीचंच स्पोर्ट सस्पेन्शन डीलरकडून बसवणं, सगळ्यात सुरक्षित ठरला असता. त्या मॉडेलसाठी इथे ते मिळत नव्हतं. पाचवा, वॉरंटी संपेपर्यंत थांबणं, दादाने ऐकूनच घेतला नाही.

वॉरंटीच्या पुस्तिकेत दोन वेगवेगळी कलमं होती आणि पुढचं सगळं त्यांच्यावर फिरलं. एक म्हणजे स्पर्धा किंवा ट्रॅक वापरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं. दुसरं म्हणजे कंपनीने मान्य न केलेल्या बदलांमुळे झालेलं नुकसान वगळलेलं. दोन्हीकडे शब्द 'मुळे' असा होता. 'बदल केल्यास वॉरंटी रद्द' असं पुस्तिकेत कुठेही नव्हतं. मी दादाला ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून दिलं.

निर्णय आणि काम

दादाने तिसरा पर्याय निवडला. मी तीन अटी घातल्या: मूळचे भाग लेबल लावून खोक्यात ठेवायचे, बसवण्याआधी आणि नंतर अलाइनमेंटचे छापील कागद घ्यायचे, आणि डीलरला आधी ईमेल करून कोणत्या भागांची वॉरंटी धोक्यात येते ते लेखी विचारायचं.

ईमेल मार्चमध्ये गेला. उत्तर आलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात किट कस्टम्समधून सुटून आलं आणि दादाला धीर धरवला नाही. माझ्या मते या प्रकरणातली पहिली मोठी चूक ही. उत्तर न येणं म्हणजे परवानगी नव्हे. आणखी दोन स्मरणपत्रं पाठवून महिनाभर थांबलो असतो तर पुढचा वाद अर्ध्यावर आला असता.

दुसरी चूक मुहूर्ताची. जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, मुंबईत गाडी २५ मिलिमीटर खाली घेतली. मूळच्या गाडीला पुढे बम्प स्टॉप लागेपर्यंत सत्तरेक मिलिमीटर जागा होती, ती पंचेचाळीसवर आली. पुढच्या स्प्रिंगचा ताठपणा दुप्पट झाला. ताठपणा दुप्पट केला की गाडीची नैसर्गिक कंपनसंख्या सुमारे १.४ पट वाढते, म्हणजे सेकंदाला १.४ वेळा हलणारी गाडी दोन वेळा हलू लागते. ट्रॅकवर हे हवंच असतं. पश्चिम द्रुतगती मार्गावरच्या उड्डाणपुलांच्या सांध्यांवर आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर ते मणक्याला लागतं, आणि स्ट्रट माउंट, बेअरिंग, सांध्यांतले रबरी बुश यांनाही.

काम नवी मुंबईतल्या एका गॅरेजमध्ये झालं. मिस्त्री कामसू आणि मन लावून काम करणारा होता. दादाने हौसेने त्या दिवसाचे व्हिडिओ काढले. ते पुढे फार उपयोगी पडले.

पुढच्या जानेवारीत गाडी पुन्हा चेन्नईला गेली. टायर समान झिजला, पेडल घट्ट राहिलं, फेरीचा वेळ दोन-तीन सेकंदांनी कमी झाला. दादा खूश होता. पण कॅम्बर, पॅड, ब्रेक ऑइल आणि कॉइलओव्हर सगळं एकदम बदललेलं, त्यामुळे त्यातलं किती कशामुळे हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. ब्रेक आणि कॅम्बर आधी करून एक ट्रॅक डे काढला असता तर कॉइलओव्हरची गरज खरंच किती आहे ते कळलं असतं.

बिघाड

एप्रिलमध्ये, गाडी सोळा हजार किलोमीटर चाललेली असताना, पुढून डावीकडून स्पीडब्रेकरवर कटकट ऐकू येऊ लागली. साठ-सत्तरच्या वेगाला एक बारीक घूंऽ असा आवाजही होता. दादाने काणाडोळा केला. मेमध्ये भर उकाड्यात एसी बंद पडला आणि गाडी डीलरकडे न्यावीच लागली.

तीन दोष निघाले: एसीचा कॉम्प्रेसर गेलेला, डाव्या लोअर आर्मचा आतला बुश फाटलेला, आणि डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग आवाज करणारं. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने फोनवर सांगितलं, "सर, गाडी मॉडिफाइड आहे. सिस्टीममध्ये फ्लॅग लागलाय. वॉरंटीत काहीच होणार नाही." कॉम्प्रेसरचं एस्टिमेट सव्वा लाखाच्या वर होतं.

दादाचा मला फोन आला तेव्हा त्याचा बेत ठरलेला होता. "गाडी बाहेर काढतो, जुनं सस्पेन्शन परत बसवतो आणि दुसऱ्या डीलरकडे नेतो. त्यांना काय कळणार?"

या क्षणी मी दादावर पहिल्यांदा आवाज चढवला. कळतंच. बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या खुणा असतात, धूळ बसलेल्या जागी स्वच्छ कडा दिसते, कॉम्प्युटरच्या मेमरीत शॉकअप वेगळे झाल्याची नोंद तारखेसकट राहते. शिवाय गाडी खाली घेतल्यावर हेडलाइटचा कोन नीट करायला उंचीच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन त्याच डीलरने केलं होतं, त्याचं जॉब कार्ड होतं. मुळात ती लबाडी आहे. आणि एकदा लबाडी उघड झाली की तुमचा खरा मुद्दाही कुणी ऐकत नाही. मी टेबलावर बसायचो तेव्हा असे ग्राहक पाहिले आहेत. ज्यांची बाजू साठ टक्के बरोबर होती तेही एका लपवाछपवीपायी सगळं हरले.

दादा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग तूच सांग काय लिहायचं."

कागदाची लढाई

अ‍ॅडव्हायझर असं का बोलतो ते समजून घेणं गरजेचं आहे. वॉरंटीतलं काम आधी डीलर करतो, मग भागाचे आणि मजुरीचे पैसे कंपनीकडे मागतो. कंपनीने तपासणीत क्लेम नाकारला तर ते पैसे डीलरच्या खिशातून जातात. फ्लॅग लागलेल्या गाडीला नाही म्हणणं हा त्याच्यासाठी स्वतःला वाचवण्याचा सोपा मार्ग असतो. त्याच्यावर ओरडून काही होत नाही. त्याच्या हातात कंपनीला दाखवता येईल असा कागद द्यावा लागतो.

आम्ही तिन्ही दोष वेगळे केले आणि तीन वेगळे ईमेल लिहिले.

कॉम्प्रेसरच्या ईमेलमध्ये बदल काय आहे ते सरळ सांगितलं: शॉकअप, स्प्रिंग, पुढच्या कॅम्बर प्लेट, अमुक तारखेला, अमुक किलोमीटरला. मग एकच प्रश्न विचारला. या बदलामुळे एसी कॉम्प्रेसर कसा निकामी झाला, याचं तांत्रिक कारण आणि पुस्तिकेतलं कलम लेखी कळवावं. सोबत मार्चच्या अनुत्तरित ईमेलची प्रत जोडली. नवव्या दिवशी क्लेम मंजूर झाल्याचा निरोप आला. मधल्या काळात कंपनीच्या विभागीय तांत्रिक माणसाने गाडी पाहिली होती.

बेअरिंगच्या बाबतीत आम्ही माघार घेतली. जानेवारीच्या ट्रॅक डेनंतर दादाने डीलरकडेच ब्रेक ऑइल बदललं होतं आणि जॉब कार्डावर 'ट्रॅक वापरानंतर' असं स्वतः लिहवलं होतं. चिकट टायर, वाढलेला कॅम्बर, जुलैतले खड्डे, ताठ स्प्रिंग. या सगळ्याचा भार बेअरिंगवर येतो हे मी प्रामाणिकपणे नाकारू शकत नव्हतो. पैसे दादाने भरले. त्याच जॉब कार्डावरच्या खरेपणामुळे कॉम्प्रेसरच्या वेळी आमच्या शब्दाला वजन आलं, असं त्या तांत्रिक माणसाने नंतर बोलून दाखवलं.

बुशचा प्रश्न सगळ्यात शिकवणारा होता. डीलर म्हणाला, ट्रॅकमुळे. मला पटेना, कारण उजवा बुशही फाटू लागला होता आणि दोन्हींचा चीर एकाच दिशेने पिळलेला होता. हे आदळण्याने होत नाही, कायम पीळ राहिल्याने होतं. मग दादाचे व्हिडिओ पाहिले. मिस्त्रीने स्ट्रट काढताना लोअर आर्म खाली दाबता यावा म्हणून आतला बोल्ट सैल केला होता. नंतर गाडी लिफ्टवर, चाकं हवेत लोंबत असतानाच गनने तो बोल्ट पक्का आवळला.

रबरी बुशचा बोल्ट नेहमी चाकावर गाडीचं वजन असताना, तिच्या रोजच्या उंचीला आवळायचा असतो. चाक लोंबत असताना आवळला की बुश त्या लोंबत्या स्थितीत पक्का होतो. गाडी खाली ठेवली की आर्म वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. पुढे प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. म्हणजे दोष ट्रॅकचा नव्हता, किटचाही नव्हता. दहा मिनिटांच्या एका पायरीचा होता.

गॅरेजवाल्याला आम्ही व्हिडिओ दाखवला. त्याने मिस्त्रीला बोलावलं, दोघांनी पाहिला. मिस्त्री म्हणाला, "चूक माझीच आहे, साहेब." नवे बुश आणि मजुरी गॅरेजने दिली, अलाइनमेंटचा खर्च दादाने केला. मला त्या मिस्त्रीबद्दल आजही आदर वाटतो.

कायदा आणि विमा

दादाचा एक मित्र अमेरिकेतल्या मॅग्नसन-मॉस या वॉरंटीविषयीच्या कायद्याचा दाखला सारखा द्यायचा. १९७५ चा तो कायदा अमेरिकेपुरता आहे, इथे तो दाखवून काही मिळत नाही. आपल्याकडे आधार वॉरंटीच्या कराराचा आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. दादाची गाडी राज्य आयोगाच्या कक्षेत आली असती. तिथवर जावं लागलं नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत बदलाला मनाई करतं. आरसीवर सस्पेन्शनचा रकाना नसतो हे खरं, पण २०१९ च्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या पद्धतीने भाग बसवण्याचाही उल्लेख आहे. शिक्षा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून आम्ही उंची पुढे आणखी कमी केली नाही, उलट वाढवली.

विम्याबाबत दादा पूर्ण अंधारात होता. मोटार पॉलिसीत आयोजित शर्यत, वेगचाचणी यांसाठीचा वापर छापीलच वगळलेला असतो. चेन्नईच्या दोन्ही फेऱ्यांत गाडी भिंतीला लागली असती तर पाऊण कोटी गेले असते. हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं. वॉरंटीच्या नादात माझ्याकडून राहून गेलं.

परिणाम, आणि आज केलं असतं तर

वॉरंटी आजही चालू आहे. पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंगचे सांधे आणि पुढची बेअरिंग यांवरचे क्लेम तपासूनच घेतले जातील असं डीलरने लेखी दिलं. जूनच्या आधी हे पत्र हातात असतं तर दादाने कदाचित तोच निर्णय घेतला असता, पण डोळे उघडे ठेवून.

पुन्हा वेळ आली तर मी क्रम बदलेन. आधी ब्रेक ऑइल, पॅड आणि मिळेल तेवढा कॅम्बर, मग एक ट्रॅक डे. तरीही गाडी लोळत असेल तर डीलरचं लेखी उत्तर, मग किट, तेही मूळच्या उंचीच्या जास्तीत जास्त दहा मिलिमीटर खाली. बसवताना मी स्वतः तिथे उभा राहीन, आणि आर्मचे बोल्ट गाडी चार चाकांवर उभी असताना टॉर्क पान्याने आवळल्याशिवाय गाडी हलू देणार नाही.

दादाने त्यानंतर कॅलेंडर लावून घेतलं आहे. मुंबईचा पाऊस जून ते सप्टेंबर, चेन्नईचा ऑक्टोबर ते डिसेंबर. ट्रॅकसाठी उरतात जानेवारी ते मे. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कॉइलओव्हर चढतात आणि मेअखेर उतरतात. दर खेपेला नवे लॉक नट, नवी अलाइनमेंट आणि एक छापील कागद. काम त्याच गॅरेजमध्ये, त्याच मिस्त्रीकडे होतं. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा त्याने गाडी खाली उतरवून चाकांवर उभी केली, पुढे वाकून दोनदा दाबली, मला जवळ बोलावलं आणि मग पान्याला हात घातला.